एक चित्र आणि सहा जबान्या : पालेर्मोच्या येशुजन्म-चित्राचे प्रकरण

१९६९ सालच्या ऑक्टोबर महिन्यात, १७ आणि १८ तारखांच्या मधल्या रात्री, सिसिली बेटावरील पालेर्मो शहरातल्या सान लोरेन्झो प्रार्थनागृहाच्या वेदीवरून काराव्हाज्जो या चित्रकाराचे येशुजन्माचे चित्र चोरीस गेले. चोरट्यांनी चौकटीला हात लावला नाही. आतला कॅनव्हास तेवढा कडेकडेने पात्याने कापून काढला. चित्राची उंची २६८ सेंटिमीटर आणि रुंदी १९७ सेंटिमीटर होती, म्हणजे त्यापुढे माणूस उभा राहिला तर त्याच्या डोक्यावर आणखी दोन हात चित्र उरावे. एवढा मोठा मुद्देमाल अर्धशतक उलटून गेले तरी सापडलेला नाही.

या प्रकरणाविषयी जे लिहिले जाते त्यातील बहुतेक मजकूर माफियाभोवती फिरतो आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु कागदपत्रे शेजारी शेजारी ठेवून वाचली की निराळीच गोष्ट डोळ्यांत भरते. चित्राचे काय झाले, या प्रश्नावर अर्धा डझन माणसांनी जबान्या दिल्या आणि त्यांतून एकही धागा हाती लागला नाही. उलट ते चित्र कसे होते, कधी काढले असावे आणि आज वेदीवर काय टांगावे, या प्रश्नांची उत्तरे काही थोड्या, कोरड्या, निव्वळ कार्यालयीन म्हणाव्यात अशा नोंदींतून मिळाली. प्रस्तुत टिपण मुख्यतः या तफावतीविषयी आहे.

आधी चित्र पाहू. बायबलच्या मराठी भाषांतरात लूकच्या शुभवर्तमानातील वाक्य असे आहे की मरियेने बाळाला बाळंत्याने गुंडाळून गव्हाणीत ठेवले, कारण उतारशाळेत त्यांना जागा नव्हती. काराव्हाज्जोने गव्हाणीसुद्धा जवळजवळ काढून टाकली आहे. बाळ जमिनीवर, गवतावर पसरलेल्या कापडावर पडलेले आहे, आणि त्याच्याकडे पाहत बसलेली मरिया ही स्वर्गाची राणी वाटत नाही. ती ओली बाळंतीण वाटते. तिचे वस्त्र खांद्यावरून ओघळले आहे, मान झुकली आहे, हात मांडीवर सैल पडले आहेत. प्रसूतीनंतरचा शिणवटा इतक्या स्पष्टपणे वेदीवर मांडण्याचे धाडस त्या काळी फार थोड्यांनी केले असेल. मागे अंधारातून बैलाचे डोके पुढे आले आहे. वरून एक देवदूत जवळजवळ उलटा झेपावत खाली येतो; त्याच्या हाताशी ‘परमउंचामध्ये देवाला गौरव’ या अर्थाचे लॅटिन शब्द असलेली पट्टी आहे आणि एक बोट आकाशाकडे रोखलेले आहे. उजवीकडे योसेफ पाठमोरा बसला आहे. कुटुंबप्रमुखाला पाहणाऱ्याकडे पाठ करून बसवणे ही लहानशी गोष्ट नव्हे, पण त्या पाठीमुळेच आपण त्या गोठ्यात त्याच्या मागे येऊन उभे राहिलो आहोत असे वाटते.

मूळ कथेत नसलेली दोन माणसे या चित्रात आहेत. डावीकडे उभा आहे तो संत लॉरेन्स. तिसऱ्या शतकातील रोमचा हा उपयाजक लोखंडी जाळीवर भाजला जाऊन हुतात्मा झाला, अशी परंपरा आहे, आणि चित्रात त्याने उपयाजकाचा सोनेरी पिवळा झगा घातला आहे. दुसरा आहे असिसीचा संत फ्रान्सिस, हात जुळवून, मान खाली घालून बाळाकडे पाहणारा. प्रार्थनागृह लॉरेन्सच्या नावाचे आणि ते चालवणारे बंधुमंडळ फ्रान्सिसचे, म्हणून हे दोघे तिथे आले, एवढे स्पष्टीकरण पुरेसे आहे. तरी फ्रान्सिसचा येशुजन्माशी संबंध त्याहून जवळचा आहे. १२२३ साली इटलीतील ग्रेच्चो गावी त्याने जिवंत बैल, गाढव आणि गवताने भरलेली गव्हाण मांडून नाताळ साजरा केला, आणि नाताळात गोठ्याचा देखावा करण्याची प्रथा तिथून फैलावली असे मानले जाते. वसईत आणि गोव्यात डिसेंबरात घरोघर जो गोठा उभारला जातो त्याचे मूळही मागे शोधत गेल्यास ग्रेच्चोपाशी पोहोचते. तेव्हा गोठ्याची प्रथा सुरू करणारा माणूस मूळ गोठ्यातच येऊन उभा राहिला आहे, असा या रचनेचा अर्थ लावता येतो. चित्रकाराच्या मनात तो होता की नाही, हे अर्थात चित्रावरून सिद्ध करता येणार नाही.

सान लोरेन्झोचे प्रार्थनागृह मोठे नाही. ते चर्च नव्हे, तर एका धार्मिक बंधुमंडळाचे स्वतःचे दालन. पालेर्मोच्या जुन्या वस्तीत, असिसीच्या फ्रान्सिसच्या मोठ्या चर्चला लागून असलेल्या एका गल्लीत ते आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस आणि अठराव्याच्या आरंभी जाकोमो सेर्पोत्ता या कारागिराने त्याच्या भिंती पांढऱ्याशुभ्र चुनेगच्चीच्या मूर्तींनी भरून टाकल्या. वरच्या थरात संगमरवराची पूड मिसळून त्याने गिलाव्याला अशी झळाळी आणली की मूर्ती गिलाव्याच्या आहेत हे हात लावल्याशिवाय कळू नये. लॉरेन्स आणि फ्रान्सिस यांच्या चरित्रांतील प्रसंग छोट्या रंगमंचांसारख्या कोनाड्यांत बसवले आहेत. त्या सगळ्या पांढऱ्या गजबजाटाच्या टोकाला वेदीवर हे एकच काळोखे चित्र होते. नुसते चित्र गेले असे म्हणणे म्हणूनच अपुरे ठरते. ज्या काळोखाकडे ती सगळी पांढरी खोली नजर वळवत होती, तो काळोखच गेला.

बंदोबस्त म्हणावा तर जवळपास शून्य होता. दुसऱ्या महायुद्धातील बॉम्बहल्ल्यांनंतर पालेर्मोचा जुना भाग ओस पडत गेला, नव्या वसाहतींच्या बांधकामात पैसा आणि माफिया दोन्ही शिरले, आणि जुन्या गल्ल्यांतील प्रार्थनागृहे राखणदारांच्या भरवशावर राहिली. इथे धोक्याची घंटा वाजवणारी यंत्रणा नव्हती. चोरीच्या थोडेच आधी इटलीच्या सरकारी दूरचित्रवाणीवर दुर्लक्षित कलाकृतींविषयीच्या कार्यक्रमात हे चित्र दाखवले गेले होते, असे अनेक वृत्तांतांत म्हटले आहे. त्यामुळे चोरट्यांना ते ठाऊक झाले असेलही, मात्र हा निव्वळ तर्क आहे. योगायोग असा की कलाकृतींच्या चोऱ्यांसाठी इटलीच्या काराबिन्येरी या लष्करी पोलिस दलाने खास पथक उभारले ते त्याच वर्षी, ३ मे १९६९ रोजी. जगात इतर कुठे असे पथक नसताना ते स्थापन झाले आणि पाच-साडेपाच महिन्यांत त्याच्यासमोर जे प्रकरण आले ते अजून मिटलेले नाही.

आता थोडे चित्राच्या शरीराविषयी, कारण पुढच्या जबान्या तपासताना ते उपयोगी पडते. तैलचित्र म्हणजे कापडावर सरस आणि खडूसारख्या द्रव्यांचा लेप, त्यावर रंगाचे थर, त्यावर वार्निश. कालांतराने हे थर कडक आणि ठिसूळ होतात. जुने चित्र गुंडाळावेच लागले तर तज्ज्ञ ते मोठ्या व्यासाच्या नळकांड्यावर, रंगाची बाजू बाहेर ठेवून, हलक्या हाताने गुंडाळतात. तेच कापड लहान घडीत दुमडले तर घडीच्या रेषेवर रंगाचे पापुद्रे सुटतात आणि ते पुन्हा जागेवर बसत नाहीत. पावणेचारशे वर्षांच्या आसपासचे कापड, घाईत कापलेले, रात्रीच्या वेळी, अरुंद गल्लीतून नेलेले. यानंतर ते धड राहिले असेल का, हा प्रश्न चोरांच्या हेतूपेक्षा आधी येतो.

आता जबान्या. सिसिलीच्या माफियातून फुटून सरकारला मिळालेल्या माणसांना आपण माफीचे साक्षीदार म्हणू. त्यांपैकी फ्रान्चेस्को मारिनो मान्नोया हा हेरॉइन शुद्ध करणारा रसायनतज्ज्ञ. त्याने सांगितले की चोरी करणाऱ्यांत आपण होतो, चित्र दुमडताना इतके खराब झाले की ज्याच्यासाठी ते चोरले होते तो ग्राहक ते पाहून रडला आणि त्याने ते घेण्यास नकार दिला. माजी पंतप्रधान जुलिओ आंद्रेओत्ती यांच्यावरील खटल्यात १९९६ साली ही जबानी नोंदली गेली आणि जगभर छापून आली. वर सांगितलेल्या भौतिक कारणांमुळे ती पटण्याजोगीही वाटली. पुढे तपासकर्त्यांचे मत असे झाले की तो ज्याविषयी बोलत होता ते चित्र वेगळेच असावे.

विन्चेन्झो ला पियाना याने सांगितले की त्याचा मामा, माफिया सरदार जेर्लान्दो आल्बेर्ती, याने चित्र अमली पदार्थ आणि रोख रकमेसह लोखंडी पेटीत पुरले. त्याने जागाही दाखवली. खोदले तर पेटी नव्हती. साल्वातोरे कान्चेमी याच्या म्हणण्यानुसार माफियाच्या वरिष्ठ मंडळाच्या बैठकींत ते चित्र प्रतिष्ठेचे चिन्ह म्हणून मांडले जात असे. १९९२ साली न्यायाधीश जोव्हान्नी फाल्कोने यांना ठार करणाऱ्या स्फोटाची कळ ज्याने दाबली, त्या जोव्हान्नी ब्रुस्का याने सांगितले की तुरुंगातील कडक एकांतवासाचे नियम शिथिल करून घेण्यासाठी हे चित्र देऊ करण्यात आले होते आणि सरकारने ते नाकारले. २००९ साली गास्पारे स्पातुझ्झा याने आणखी एक कथा सांगितली: चित्र एका शेतावरच्या गोठ्यात लपवले, तिथे उंदरांनी आणि डुकरांनी ते कुरतडले, आणि उरलेले जाळून टाकले. येशुजन्माचे चित्र गोठ्यातच नष्ट व्हावे, ही कल्पना इतकी चपखल आहे की तिच्याविषयी संशय वाटायला तेवढेच कारण पुरावे. शिवाय हे स्पातुझ्झाने स्वतः पाहिलेले नव्हते. तुरुंगात दुसऱ्या एका माफिया सरदाराकडून ऐकलेले होते.

सहावी जबानी गाएतानो ग्रादो याची. इटलीच्या संसदेच्या माफियाविरोधी आयोगापुढे ती आली आणि रोझी बिंदी यांच्या अध्यक्षतेखालील त्या आयोगाने २०१८ साली तिला वजन दिले. तिच्यानुसार चित्र किरकोळ चोरट्यांनी पळवले, गवगवा झाल्यावर माफियाने ते आपल्याकडे घेतले, आणि ते गाएतानो बादालामेंती या त्या वेळच्या सर्वांत बड्या सरदारापर्यंत पोहोचले. त्याने ते एका वृद्ध स्विस व्यापाऱ्याला विकले. विक्री सोपी जावी म्हणून चित्राचे तुकडे करण्याचा बेत होता. मान्नोयाच्या कथेत ग्राहक रडतो, तसा या कथेत हा व्यापारीही चित्र पाहून रडतो. एकच तपशील दोन परस्परविरोधी कथांत आला की तो खरा म्हणून आला, की सांगणाऱ्यांच्या वर्तुळात फिरत राहिला म्हणून आला, हे ठरवणे अवघड होते. व्यापारी तोवर मरण पावला होता. बादालामेंतीही २००४ साली अमेरिकेतील तुरुंगात मरण पावला होता.

बादालामेंतीचे नाव आणखी एका ठिकाणाहून आले, आणि माझ्या मते या गोतावळ्यातील सर्वांत लक्षणीय बाब तीच आहे. प्रार्थनागृहाची जबाबदारी असलेले धर्मगुरू बेनेदेत्तो रोक्को यांनी २००१ साली चित्रित केलेल्या एका मुलाखतीत सांगितले की चोरीनंतर आपल्याला पत्र आले होते, सौद्याची तयारी असल्यास वर्तमानपत्रात जाहिरात द्यावी असे त्यात सुचवले होते, आणि चित्र पत्र पाठवणाऱ्यांकडेच आहे हे पटवण्यासाठी कॅनव्हासचा एक बारीक तुकडाही पाठवला गेला. चित्र बादालामेंतीकडे होते, आणि आपण हे वरिष्ठांना कळवले, पण काही घडले नाही, असे त्यांचे म्हणणे. ही मुलाखत जगापुढे आली ती २०१९ साली, ते वारल्यानंतर. रोक्को यांना शिक्षेत सवलत मिळवायची नव्हती, त्यामुळे त्यांचा शब्द इतर सहांच्या तुलनेत वजनदार ठरतो. तरी तो तुकडा आज कुणाच्या हाती नाही, म्हणून हाही अखेर शब्दच राहतो.

न्यायालयात ज्याला ऐकीव पुरावा म्हणतात त्याचे हे उत्तम उदाहरण आहे. सहा जणांपैकी प्रत्येकाकडे बोलण्याचे कारण होते, कुणाकडेही दाखवण्यासारखी वस्तू नव्हती, आणि या सगळ्या कथा एकाच वेळी खऱ्या असूच शकत नाहीत. पुरलेले, जाळलेले, कापून विकलेले आणि बैठकीत मांडलेले चित्र एकच असणार नाही. अमेरिकेच्या एफबीआय संस्थेने मोठ्या कलाचोऱ्यांची यादी केली तेव्हा या चित्राची किंमत २ कोटी डॉलर धरली. तोही एक प्रकारे ऐकीव आकडाच. हे चित्र बाजारात उघडपणे विकताच येत नाही, मग बाजारभाव कुठून यायचा?

आता दुसरा प्रश्न. जवळजवळ तीन शतके असे मानले गेले की काराव्हाज्जोने हे चित्र १६०९ साली पालेर्मोतच काढले. १६०६ साली रोममध्ये एका भांडणात त्याच्या हातून माणूस मेला, तो पळाला, नेपल्स आणि माल्टा करत १६०८ साली सिसिलीत पोहोचला, हे पक्के आहे. पालेर्मोचा तपशील मात्र जोव्हान्नी पिएत्रो बेल्लोरी या चरित्रकाराच्या १६७२ सालच्या लिखाणावर पुष्कळसा उभा होता, म्हणजे घटनेनंतर साठ वर्षांहून अधिक काळाने. बेल्लोरी विद्वान होता. पण या बाबतीत तोही ऐकलेलेच सांगत होता. काराव्हाज्जो पालेर्मोत राहिल्याचा समकालीन कागद सापडलेला नाही.

उलट रोमच्या दफ्तरात एक करार आहे. ५ एप्रिल १६०० या तारखेच्या या करारानुसार काराव्हाज्जोने फाबिओ नुती या सिएनाच्या व्यापाऱ्यासाठी आकृत्या असलेले चित्र २०० स्कुदी (त्या काळची नाणी) मोबदल्यात काढून द्यायचे होते. मोजमाप रोमन ‘पाल्मो’मध्ये दिले आहे, आणि पाल्मो म्हणजे साधारण आपली वीतच, २२.३ सेंटिमीटरची. उंची ठरली १२ विती. गुणाकार केला की २६८ सेंटिमीटर येते, म्हणजे पालेर्मोच्या चित्राची नेमकी उंची. रुंदीचा मेळ मात्र इतका नेटका बसत नाही; करारात ती सात-आठ विती आहे आणि प्रत्यक्ष चित्र जवळपास नऊ विती भरते. चित्राचा विषयही करारात स्पष्ट नाही. त्यामुळे निव्वळ या कागदावर निर्णय देता येणार नाही. पण त्याच्या शेजारी मेसिना येथे टिकलेले, १६०९ सालचे निश्चित मानले जाणारे ‘मेंढपाळांचे वंदन’ ठेवले तर फरक लपत नाही. तिथे रंग मातकट आणि पातळ आहेत, अर्धे चित्र निव्वळ काळोख आहे, मरिया जमिनीवर कलंडली आहे. पालेर्मोच्या चित्रातील उजळ पिवळा, भरीव अंगकांती आणि ठसठशीत कडा यांचे नाते त्याच्या १६०० सालच्या आसपासच्या रोममधील कामाशी, सान लुइजी देई फ्रान्चेझी चर्चमधील संत मत्तयाच्या चित्रांशी, अधिक जवळचे आहे. सर्व अभ्यासकांचे एकमत नाही. तरी मला हा पक्ष सबळ वाटतो. तो मान्य केल्यास हे चित्र फरारी माणसाच्या हातचे उरत नाही. ते रोममध्ये नावारूपाला येत असलेल्या चित्रकाराने काढले आणि जहाजातून सिसिलीला गेले असे ठरते. पळून जाणाऱ्या खुनी चित्रकाराची प्रतिमा ज्यांना प्रिय आहे त्यांना हा निष्कर्ष रुचणारा नाही.

ही तुलना चित्र नसताना कशी करता येते? छायाचित्रांमुळे. १९५१ साली मिलान येथे काराव्हाज्जोचे मोठे प्रदर्शन भरले, त्यासाठी रोमच्या केंद्रीय जतन-संस्थेने हे चित्र स्वच्छ केले आणि त्याची कृष्णधवल छायाचित्रे काचपट्ट्यांवर घेतली. १९६८ साली, म्हणजे चोरीच्या आदल्या वर्षी, एन्झो ब्राई या पालेर्मोच्या छायाचित्रकाराने ४ गुणिले ५ इंचांची रंगीत पारदर्शिका, म्हणजे पारदर्शक फिल्मवरचे छायाचित्र, घेतली. यातले काहीही चोरीच्या भीतीने केलेले नव्हते. नेहमीची कामे होती, नेहमीसारखी कपाटात गेली.

कित्येक वर्षे वेदीवर छायाचित्राची छापील प्रत टांगलेली होती, आणि त्या सुंदर खोलीत ती डोळ्यांना खुपत असे. पुढे माद्रिदच्या फाक्तुम आर्ते या कार्यशाळेने प्रतिकृती बनवण्याचे काम घेतले. ब्राईच्या पारदर्शिकेतून रंग आणि काचपट्ट्यांतून बारकावे घेतले गेले. रंगाचा थर पृष्ठभागावर कसा बसतो हे समजण्यासाठी, कार्यशाळेनेच पूर्वी नोंदवून ठेवलेल्या सान लुइजीतील मूळ चित्रांच्या प्रतिमांचा आधार घेतला गेला. गेसोचा, म्हणजे सरस आणि खडूसारख्या द्रव्यांचा, लेप दिलेल्या कॅनव्हासवर प्रतिमा छापून तिच्यावर हाताने काम केले गेले. १२ डिसेंबर २०१५ रोजी इटलीचे राष्ट्रपती सेर्जो मात्तारेल्ला यांच्या उपस्थितीत ती वेदीवर बसवण्यात आली. मात्तारेल्ला पालेर्मोचेच, त्यांचे बंधू पिएर्सान्ती, सिसिलीच्या प्रांतिक सरकारचे अध्यक्ष असताना, ६ जानेवारी १९८० रोजी माफियाच्या गोळ्यांना बळी पडले होते. त्या दिवशीच्या वृत्तांतांत या गोष्टीचा उल्लेख फार थोडक्यात येतो, आणि ते योग्यच वाटते.

प्रतिकृतीला प्रतिकृती म्हणूनच दाखवले जाते. सेर्पोत्ताच्या पांढऱ्या मूर्तींच्या टोकाला पुन्हा काळोखाचा एक उभा आयत दिसतो, त्यातून पिवळा झगा आणि मरियेचा उघडा खांदा पुढे येतात. जवळ गेलेल्या माणसाला मरियेच्या डोळ्यांखालचा जो शिणवटा दिसतो, तो तळहातावर मावेल अशा फिल्मच्या एका तुकड्यातून तिथवर आलेला असतो.